तुकड्यांचा डबा

नाताळच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या ओट्यावर दोन डबे शेजारी शेजारी असतात. एक स्टीलचा, उंच, घट्ट झाकणाचा. त्यात बटर पेपरचे थर देऊन ठेवलेली अख्खी बिस्किटं असतात. तारे, घंटा, देवदूत, आणि धाकट्याच्या हट्टापायी बैल, कारण गोठ्यात बैल होताच. दुसरा डबा प्लास्टिकचा, कधीतरी आइस्क्रीमचा आलेला. त्यात मोडकी बिस्किटं. ताऱ्याचे सुटलेले हात, डोकं नसलेले देवदूत, आयसिंग ओघळलेल्या घंटा, एका कडेनं करपलेले बैल.

स्टीलच्या डब्यातली बिस्किटं कुठं जातात ते ठरलेलं आहे. पाळकसाहेबांकडे, नणंदेकडे पुण्याला, शेजारच्या तीन घरांत (दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट येतं, त्याची ही परतफेड), आणि ह्यांच्या चार-पाच गिऱ्हाइकांकडे. प्लास्टिकचा डबा जायचा शॉपवर. हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. सासूबाईंच्या काळापासून तसं चालत आलं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात ते दिसलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

शॉप म्हणजे शिरोली एमआयडीसीतलं आमचं छोटं पॅटर्न शॉप. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोल्हापूर गुऱ्हाळांचं आणि चपलांचं गाव म्हणून माहीत असतं, पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात फाउंड्र्या खूप आहेत. देशभर धावणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांचे बिडाचे भाग इथं ओतले जातात. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, आणि त्या वाळूत पोकळी उमटवण्यासाठी आधी त्या भागाची हुबेहूब प्रतिकृती लागते. ती म्हणजे पॅटर्न. लाकडाची, अॅल्युमिनियमची, आता रेझिनची. हुबेहूब म्हटलं तरी ती खरं तर किंचित मोठी करायची असते, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. शिवाय पॅटर्न वाळूतून उचलताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आमच्याकडे अकरा माणसं आहेत. हे मशीन आणि गिऱ्हाईक बघतात, मी हिशेब, जीएसटी आणि उधारीचे फोन.

बिस्किटांचं वेड माझ्या माहेरचं. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्या मिशनच्या आसऱ्यानं जी मराठी ख्रिस्ती घरं इथं रुजली, त्यांतलं आमचं एक. आमच्या नाताळचा फराळ अगदी मराठी असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू. फक्त ही मसाल्याची बिस्किटं परदेशातली. माझ्या आजीनं ती कुणा मिशनच्या नर्सबाईकडून शिकली आणि शिकता शिकता बदलून टाकली. मोलॅसिसच्या जागी कोल्हापुरी गूळ आला, आल्याच्या पावडरीच्या जागी घरी कुटलेली सुंठ. दालचिनी, लवंग, जायफळ आणि चिमूटभर मिरी तशीच राहिली. तशी ही मसाल्याची पोतडी इकडच्याच समुद्रांतून गेलेली. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या लेबकुखेनचा आणि हॉलंडच्या स्पेक्युलासचा सुगंध निम्मा आपल्याकडचा आहे, त्यामुळे आजीनं उसनं घेतलं की परत आणलं, हा प्रश्न मी सोडवत बसत नाही.

कृती सोपी, निगुती मात्र लागते. गूळ-लोणी पातळ करायचं, मसाला घालायचा, कोमट झाल्यावर पीठ मळायचं आणि गोळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. गार गोळा लाटायला जड जातो, पण गरम गोळ्याचे आकार पसरतात. पाच मिलिमीटरची पोळी लाटून साच्यानं कापायचं आणि दहा-बारा मिनिटं भाजायचं. ताऱ्याची टोकं आधी भाजतात, मधला भाग मागं राहतो. टोक कडक, पोट मऊ, आणि जिथं हात पोटाला जोडलेला असतो तिथं ते मोडतं. शंभरातले पंधरा-वीस तारे तरी असे जायचे.

त्या वर्षी काय झालं ते सांगते.

आमच्याकडे फिनिशिंगला एक बिहारी मुलगा आहे. पंचविशीतला, सहा वर्षं कोल्हापुरात काढलेला, त्यामुळे 'काय करालाय' असं झकास विचारतो आणि लगेच हिंदीवर घसरतो. नोव्हेंबरात छठ झाल्यावर त्यानं आमच्या घरी ठेकुआ आणून दिला. स्टीलच्या डब्यात, केळीच्या पानावर रचलेला. ठेकुआ म्हणजे कणीक, गूळ, तूप, बडीशेप, वेलची यांचा घट्ट गोळा, लाकडी साच्यावर दाबून पानाची नक्षी उमटवलेला आणि तुपात तळलेला. म्हणजे आमच्या बिस्किटाचा सख्खा मावसभाऊच. आमच्या मिस्त्रीमामांनी, जे चाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न करताहेत, एक उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "साचा चांगला हाय. ड्राफ्ट बरोबर दिलाय, न्हाईतर पीठ सुटलं नसतं." त्या डब्यात एकही ठेकुआ मोडलेला नव्हता. मी विचारलं तर तो मुलगा म्हणाला, मोडलेले आम्ही घरी खाल्ले, भाभी.

डिसेंबरात मी नेहमीप्रमाणे प्लास्टिकचा डबा शॉपवर पाठवला. चहाच्या वेळी कसल्याशा चलनावर सही हवी होती म्हणून आत गेले, तर तो मुलगा वर्कबेंचवर वाकून काहीतरी जुळवत होता. डब्यातून ताऱ्याचे पाच हात वेचून काढले होते. पाच वेगवेगळ्या ताऱ्यांचे, एक थोडा करपलेला, एकावर आयसिंग, बाकी कोरे. ते कागदावर गोल मांडून तारा तयार केला होता आणि मोबाईलनं फोटो काढत होता. गावाकडं त्याची चार वर्षांची मुलगी आहे. मला बघून तो हसला, अगदी मनापासून. "बेटी को दिखाना है, स्टार."

त्याच्या हसण्यात तक्रार नव्हती, हे मुद्दाम सांगते. अपमान झाल्याचं त्याला वाटलंच नव्हतं. मिस्त्रीमामा मात्र हात पुसत माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, आपल्या लाइनीत रिजेक्शन भट्टीत परत टाकत्यात. बाहेर पाठवत न्हाईत."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, चवीत काय फरक आहे? आणि टाकून द्यायची का मग?

हा बचाव मी हलका समजत नाही. मोडलेलं बिस्किट आणि अख्खं बिस्किट यांत पिठाचा, गुळाचा, कष्टाचा कणभरही फरक नाही. उलट अख्खेपणाचं कौतुक हीच एक दिखाऊ खोड आहे असं म्हणता येईल. ज्या घरात अन्न टाकणं पाप मानलं जातं तिथं मोडकं कुणाच्या तरी पोटात जाणं केव्हाही बरं. अकरा माणसांना चहाबरोबर चार तुकडे मिळाले, त्यांना आवडले, डबा धुऊन परत आला. यात नुकसान कुणाचं झालं?

पण हा युक्तिवाद एका ठिकाणी अडखळतो. चवीत फरक नाही, तर मग तुकडे पाळकसाहेबांकडे का पाठवत नाही? नणंदेला का नाही? पुण्याला जाणारा डबा मी तीनदा हलवून बघते, आत काही खुळखुळतंय का म्हणून. म्हणजे अख्ख्या आणि मोडक्यातला फरक मला नीट कळतो, फक्त शॉपच्या वेळी तो कळत नसल्याचं मी सोंग आणते. जुन्या करारात मलाखी संदेष्टा नेमकं इथंच बोट ठेवतो. लोक आंधळी, लंगडी जनावरं अर्पणाला आणत होती. तो म्हणतो, हेच जनावर तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन द्या बघू, घेईल का तो. तात्त्विक भाषा काढून टाकली तर नीतिशास्त्रातली ही सगळ्यात सोपी कसोटी आहे. एकाला जे द्यायला लाज वाटेल ते दुसऱ्याला देताना लाज का वाटत नाही, एवढंच स्वतःला विचारायचं.

कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्टही इथूनच सुरू होते, हे आपण विसरतो. पुढं तो यमाकडं जातो, मृत्यूचं गूढ विचारतो, आणि आपलं सगळं लक्ष तिकडं जातं. पण त्याचा बाप यज्ञात दान म्हणून ज्या गाई देत असतो त्या शेवटचं पाणी प्यायलेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या गाई असतात. पोराला ते बघवत नाही. तो बापाला विचारतो, मग मला कुणाला देणार? बाप चिडतो. मला हा बाप फार ओळखीचा वाटतो. सर्वस्व देतोय असं त्याला खरंच वाटत असणार. हिशेबाच्या वहीत गाईंचा आकडा बरोबर होता.

त्या दोन-तीन दिवसांत मला दुसऱ्या बाजूनंही एक गोष्ट आठवत राहिली. माझी आई. शेवटची भाकरी, जी तव्यावर जास्त राहून करपते, किंवा पहिली, जी तवा नीट न तापल्यानं फुगत नाही, ती नेहमी तिच्या ताटात असायची. आम्हाला अख्ख्या, फुगलेल्या. त्याचा तिला अपमान वाटायचा नाही (वाटायला हवा होता, असं माझी मुलगी म्हणते, आणि तिच्याशी या विषयावर माझं अजून मिटलेलं नाही). तसंच आम्ही बहिणी बिस्किटं करताना मोडलेल्यांवर तुटून पडायचो. मोडकं मिळणं हे तेव्हा मानाचं होतं. जे स्वयंपाकघरात असतात त्यांनाच ते मिळतं, बाहेरच्यांना नाही. कधीकधी मी मुद्दाम एखादा हात मोडायची.

आणि देवळात तर भाकर मोडूनच देतात. प्रभुभोजनात अख्खी भाकर कुणालाच मिळत नाही. पाळकसाहेब सगळ्यांसमोर ती मोडतात, त्यातलाच तुकडा स्वतः खातात आणि तोच आम्हाला. तुकडा ही गोष्ट मुळात हीन असती तर आमच्या सगळ्या उपासनेचा मध्य तुकड्यावर कसा उभा राहिला असता?

तेव्हा दोष तुकड्यात नाही. माझ्या मते फरक असा पडतो, की देणारा त्याच तुकड्यातलं खातो का. घरात आम्ही सगळे मोडकं खातो, ते बाहेर पाठवत नाही. त्या मुलाच्या खोलीतही तसंच झालं होतं, मोडलेले ठेकुए त्यांनी खाल्ले आणि आम्हाला अख्खे पाठवले. माझ्या घरात मात्र प्लास्टिकचा डबा भरला की झाकण लागायचं आणि तो शॉपवर जायचा, त्यातलं आम्ही घरी खाणं केव्हाच सोडलं होतं. मुलं मोठी झाली, त्यांना आता अख्खंच लागतं. स्वयंपाकघरातला मान असलेला तुकडा झाकण लागताच उतरंडीची खूण झाला होता.

महाराष्ट्रात तरी तुकडा हा शब्द निरागस नाही. 'तुकडे मोडणे' म्हणजे कुणाच्या तरी जिवावर फुकट खाणं. भाकरतुकडा ओवाळून टाकतात तो दृष्ट काढायला. आणि गावोगाव शतकानुशतकं कामाच्या बदल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे दारावरून देण्याची रीत होती, ती कुणाला देत होते हे सांगायला नको. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेलं जनावर आणि टाकलेलं उष्टं खाणं सोडायला सांगितलं. त्याच्या सात वर्षं आधी, १९२० च्या मार्चमध्ये, माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांना सगळ्यांसमोर पुढारी म्हणून गौरवलं होतं. ते माणगाव आमच्याच हातकणंगले तालुक्यातलं. पोट भरण्याचा प्रश्न असताना अन्न नाकारायला सांगणं हे वरवर क्रूर वाटतं. पण टाकलेल्या तुकड्यातून पोटाबरोबर आणखी काहीतरी आत जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी एका डब्याची तुलना त्या इतिहासाशी करत नाही. माझ्या बिस्किटांत तेवढा भार नाही. पण ज्या हाताला 'तुकडे तिकडं, अख्खं इकडं' ही विभागणी विचार न करता करता येते, त्या हाताला ती कुठून आली, हे विचारायला हवं.

यावर एक पळवाट मला सुचली होती आणि काही दिवस मी तिच्यावर खूश होते. बायबलात कापणीच्या वेळी शेताच्या कडा सोडून द्यायला सांगितलं आहे. पडलेली कणसं गोळा करायची नाहीत, ती गरिबांसाठी, परक्यांसाठी. आपल्याकडं याला सरवा म्हणतात. भुईमूग काढून झाल्यावर बायका सरवा वेचायला जातात, ते मी लहानपणी बघितलेलं आहे. म्हणजे राहिलेलं-साहिलेलं देण्याला शास्त्राधार आहे! पण नीट वाचलं तर सरवा हे दान नाहीच. मालकानं गोळा करून, निवडून, कमी प्रतीचं डब्यात भरून पाठवायचं नाही. त्यानं तिथून निघून जायचं. जे उरलं ते त्याचं उरतच नाही, वेचणाऱ्याचं होतं, आणि वेचणाऱ्यानं कुणाचे आभार मानायचे नसतात. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते तेव्हा तर बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतूनच मूठमूठ उपसून तिच्या वाटेत टाका. म्हणजे चांगलं, बांधलेलं, स्टीलच्या डब्यातलं. पळवाट तिथंच बंद झाली.

आता यातला सगळ्यात अवघड भाग. तो मी शेवटपर्यंत टाळला असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात त्या मुलानं चार हजारांची उचल मागितली होती. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, गावी जायचं होतं. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते, ती त्याला गयेपर्यंत सोयीची. आमची बिलं दोन गिऱ्हाइकांकडं नव्वद-नव्वद दिवस अडकलेली. मी त्याला म्हणाले, वीस तारखेनंतर बघू. खरं सांगायचं तर चार हजार होते. बँकेत नव्हते, पण घरात होते. नाताळच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेले, त्यातले काही लोण्याचे आणि आयसिंग शुगरचे. वीस तारखेला उचल दिली तोवर रिझर्व्हेशन संपलं होतं. तो एक आठवडा उशिरा आणि जनरलच्या डब्यातून गेला. ऑपरेशन त्याच्या भावानं उरकून घेतलं होतं.

कांटनं १७९७ च्या नीतिविषयक ग्रंथात एक टोचणारा प्रश्न विचारला आहे. श्रीमंताला परोपकार करता येतो तो बहुतेक वेळा अन्यायानं काही लोकांना जास्त मिळालं म्हणून. मग त्याच्या मदतीला परोपकार म्हणायचं तरी का? कांट वाचायला कोरडा आणि कंटाळवाणा असतो, पण इथं तो आमच्या शॉपच्या ऑफिसात खुर्ची ओढून बसला आहे असं वाटतं. आम्ही श्रीमंत नाही. २०१९ च्या पुरात हायवेवर पाणी येऊन शिरोलीचा रस्ता बंद झाला तेव्हा आमचा तो महिना कसा गेला ते आम्हालाच माहीत. पण मालक आणि कामगार यांच्यात कुणाची अडचण कुणाला थांबवू शकते, हे ठरलेलं असतं. गिऱ्हाईक आम्हाला थांबवतं, आम्ही त्या मुलाला. साखळीच्या शेवटच्या कडीला पुढं थांबवायला कुणी नसतं. अशा वेळी मी त्याला अख्खा तारा दिला असता तरी काय फरक पडला असता? कदाचित ते जास्त वाईट दिसलं असतं. जे देणं होतं ते थांबवून जे देणं नव्हतं ते सजवून द्यायचं.

म्हणून मला आता असं वाटतं की मिस्त्रीमामांचं वाक्य अर्धंच बरोबर होतं. रिजेक्शन बाहेर पाठवू नये हे खरं. पण भेटीची प्रत सुधारणं हा सोपा भाग आहे आणि तो सोपा असल्यामुळंच मन तिकडं धावतं. वेळेवर पगार, मागितल्यावर उचल, ओव्हरटाइमचा चोख हिशेब, या गोष्टींवर आयसिंग चढत नाही. त्या केल्याबद्दल कुणी हसून फोटो काढत नाही. त्या आधी, बिस्किट नंतर, हा क्रम मी लावून घेतला आहे आणि तो पाळणं मला दर महिन्याला जड जातं, हेही कबूल करते. गेल्या मे महिन्यात पगार चार दिवस लांबला.

पण मग बिस्किटं द्यायचीच नाहीत का? फक्त जे देणं लागतो ते द्यावं आणि बाकी हात आखडावा? हे मला पटत नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर लिहिलेल्या निबंधात देण्याइतकंच घेण्याला आणि परत करण्याला महत्त्व दिलं. परतफेड करताच येऊ नये असं देणं म्हणजे समोरच्याला खाली ठेवणं. आता आमचा हिशेब बघा. नोव्हेंबरात त्या मुलानं दिलं, मी घेतलं. घरी, पाटावर बसून, चहाबरोबर, सगळ्यांना वाटून. त्या ठेकुआनं तो आमच्याशी बरोबरीत आला होता. डिसेंबरात मी त्याच नात्यात उत्तर द्यायला हवं होतं, शेजारच्या ताटाला देते तसं. मी मात्र त्याचा ठेकुआ शेजाऱ्याच्या खात्यात लिहिला आणि माझी बिस्किटं नोकराच्या.

शाहू महाराज आणि गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात पोरासोरांना ठाऊक आहे. गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं, अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. महाराजांनी काय केलं? अनुदान दिलं असतं तरी चाललं असतं. ते तिथं थांबून चहा प्यायले, बरोबरच्यांना पाजला. राजानं इथं दिलं नाही, घेतलं. लहानपणी ही गोष्ट मला उदारपणाची वाटायची. आता वाटतं, देणं त्यांना रोजचंच होतं, घेण्यातच त्यांनी काहीतरी पणाला लावलं.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरात मी मिस्त्रीमामांकडं ताऱ्याचा साचा घेऊन गेले. म्हटलं, हात फार मोडतात. त्यांनी साचा उजेडात धरला आणि म्हणाले, आतले कोपरे टोकदार आहेत म्हणून. ओतकामातही तेच होतं. जाड भाग आणि पातळ भाग जिथं मिळतात तिथला आतला कोपरा धारदार ठेवला तर पातळ भाग आधी थंड होऊन आखडतो आणि त्या रेघेवर तडा जातो. म्हणून पॅटर्नमध्ये तिथं गोलाई देतात, फिलेट. चाळीस वर्षं त्यांनी हे हजारो पॅटर्नना केलं होतं आणि चाळीस पावलांवर माझे तारे मोडत होते, पण मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी जुन्या तेलाच्या डब्याची पट्टी कापून नवा साचा वळवला, आतल्या पाचही कोपऱ्यांना गोलाई देऊन, आणि हात थोडे आखूड केले. शंभरात सहा मोडले. ते सहा आम्ही घरी खाल्ले, धाकट्यानं कुरकुर केली तरी.

अकरा पुडे केले, नणंदेच्या पुड्यासारखेच. वाटताना मला अवघडल्यासारखं झालं. काहींना ते जड वाटलं असावं, एकानं तर घाईघाईनं पुडा बॅगेत टाकला, जणू काही सही करून घेतलंय. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. एकदम बदललेल्या वागण्यामागं काहीतरी असणार, असं वाटायला त्यांना जागा होती.

तो मुलगा त्याच आठवड्यात गावी निघाला होता. उचल पंधरा दिवस आधी दिली होती. त्यानं पुडा उघडला नाही. बेटी के लिए, म्हणाला. मी म्हटलं, अरे, दोन दिवसांचा प्रवास, सगळा चुरा होईल. तो म्हणाला, "टूटेगा तो टूटेगा, भाभी." मिस्त्रीमामांनी पुडा त्याच्या हातातून काढून घेतला, जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या प्लायवूडची चपटी पेटी केली आणि तळाच्या थर्मोकोलमध्ये प्रत्येक ताऱ्यासाठी खोबण कोरली, आम्ही नाजूक पॅटर्न फाउंड्रीला पाठवतो तशी.

चौथ्या दिवशी ह्यांच्या फोनवर फोटो आला. आठांतले दोन मोडले होते. मुलीच्या हातात मोडक्यांतलाच एक होता, निम्मा खाल्लेला, आणि बाकीचे सहा समोर मांडलेले. मिस्त्रीमामांनी चष्मा वर करून फोटो मोठा करून बघितला, बराच वेळ. मग म्हणाले, "कोपऱ्यात आणि जरा गोलाई पायजे होती."